पासावरचे ‘कुटुंब’ कोणाचे?

ब्रिटनमधील साउथ वेस्ट ट्रेन्स या रेल्वे कंपनीतील एका महिला कर्मचाऱ्याने आपल्या जोडीदारासाठी सवलतीचा पास मागितला. तिच्या आधी त्याच जागेवर असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला लग्नाविना सोबत राहणाऱ्या स्त्रीसाठी ही सवलत मिळत होती. हिला मात्र नाकारली, कारण हिची जोडीदारही स्त्रीच होती. १७ फेब्रुवारी १९९८ रोजी युरोपीय न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. तरीही लढा थांबला नाही. २००३ साली नोकरीतील अशा भेदभावाला तेथे कायद्याने बंदी आली आणि २०१३ साली इंग्लंड व वेल्समध्ये समलिंगी विवाहाचा कायदा झाला.

आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञानांमधील समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. पण १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाहाची मान्यता नाकारली व हा विषय संसदेचा ठरवला. फेरविचार याचिकाही जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या गेल्या. निकालानुसार कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २०२४ साली रेशन कार्ड आणि बँकेचे संयुक्त खाते यांबाबत सरकारने खुलासे केले. पेन्शनचे काय?

काही सभासद विचारतील, हे युनियनचे काम आहे काय? आमचे उत्तर स्पष्ट आहे: होय. पास, औषधोपचार, फॅमिली पेन्शन हे सारे नियमातील ‘कुटुंब’ या एका शब्दाला बांधलेले आहे. त्या शब्दात पती-पत्नी आहेत, मुले आहेत, अवलंबून असलेले आईवडील आहेत. पंचवीस वर्षे एका छताखाली संसार केलेला समलिंगी जोडीदार नाही. ड्युटीवर असताना कर्मचारी दगावला तर त्या जोडीदाराने कोणत्या खिडकीवर जावे?

कोणाच्या धर्मविधीत हात घालण्याचा येथे प्रश्न नाही. याचिकांमधील मुख्य मागणी १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखालील नोंदणीची होती. विवाहाबद्दल मते भिन्न असू शकतील. परंतु गाडीला झेंडी दाखवताना किंवा टपालाची थैली उचलताना कर्मचाऱ्याच्या घरी कोण आहे हे कोणी विचारत नाही; मग हक्क देतानाच ते का आडवे यावे?

विवाहाचा कायदा संसद करील तेव्हा करील. नोकरीचे नियम बदलायला तितके थांबण्याचे कारण नाही. कर्मचाऱ्याने लेखी जाहीर केलेल्या जोडीदाराला ‘कुटुंबा’त धरावे, ही मागणी शाखांनी ठराव करून वर पाठवावी. एकाचा हक्क तो सर्वांचा हक्क, हे आपण सभांतून सांगतो. आता ते ठरावातही दिसू द्या.