उषाला घर हवं होतं

स्मिता पाटील यांचं मूळ गाव शिरपूर, हे धुळे-जळगावात आजही कौतुकानं सांगितलं जातं. त्यांच्या ‘भूमिका’बद्दल (१९७७) मात्र आपण फारसं बोलत नाही. हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर श्याम बेनेगलांनी तो बेतला आणि स्मिताला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण नायिका ‘वाया गेलेली’, म्हणून घराघरांत तो चित्रपट बाजूलाच राहिला.

मला हे पटत नाही. पडद्यावर उषा नाचते, लाजते, प्रेमात पडते; सेटवरचे दिवे मालवले की घरी केशव तिच्या कमाईचा हिशेब घेऊन बसलेला. (अमोल पालेकरांचा हा नवरा पाहून अंगावर काटा येतो.) तिची वासना, हा शब्द बायकांबाबत उच्चारायलाही आपण कचरतो, खरं तर घराची आहे. म्हणून तर काळेच्या वाड्यात ती हौसेनं नांदते. एके दिवशी मुलाला जत्रेला न्यायचं म्हणते आणि कळतं, या घरच्या बायका उंबरा ओलांडत नाहीत. धुळ्याच्या एकवीरेच्या नि मुक्ताईच्या यात्रेला पोराबाळांसह जाणाऱ्या आपल्या बायकांना ही बंदी काय, ते समजावून सांगावं लागणार नाही.

सोडवायला पोलीस घेऊन येतो तो केशवच! ज्याच्यापासून पळाली, त्याचाच आधार घ्यावा लागतो. तिची निवड चुकली म्हणणाऱ्यांनी सांगावं, दुसरा दरवाजा होता कुठे?

शेवटी मुलगी आपल्याकडे बोलावते. उषा जात नाही. हॉटेलच्या खोलीत ती एकटीच राहते.