उठायला परवानगी लागते

हल्ली बऱ्याच कार्यालयांच्या भिंतीवर एक चित्र दिसते. खुर्चीतून उठून हात ताणणारी हसरी बाई, आणि खाली सूचना : दर तासाला उठा, चार पावले चाला, कामाचा वेग वाढवा.

गेल्या वर्षी डेटा एन्ट्रीचे काम करणाऱ्या काही बायकांच्या बैठकीत मी हा विषय काढला. वस्तीतल्या अंगणवाडीच्या खोलीत बसलो होतो. एकजण म्हणाली, "ताई, आमच्याकडेपण ते चित्र आहे. पण उठलं की संगणकात नोंद होते. महिनाअखेरीला सुपरवायझर सगळ्या मिनिटांची बेरीज करून दाखवतो." दुसरी सकाळपासून पाणीच पीत नाही, म्हणजे उठावे लागत नाही. पाळीच्या दिवसांत काय करता, असे विचारले तेव्हा बराच वेळ कोणी बोलेना.

तो सल्ला खोटा आहे असे मी म्हणत नाही. सतत बसून लिहिणाऱ्या कारकुनांची दुखणी इटलीतल्या रामाझ्झिनी या वैद्याने १७१३ सालीच नोंदवली होती. १९५३ मध्ये लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होता, जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना कमी. (त्या अभ्यासात बायका नव्हत्या, हे वेगळे सांगायला नको.) दोन तासांनी वीस मिनिटे सुटी घेण्यापेक्षा दर तासाला पाच-दहा मिनिटे उठणे बरे, असे ब्रिटनचे सरकारी सुरक्षा खातेही सांगते.

माझे भांडण आहे ते 'कामाचा वेग वाढवा' या तीन शब्दांशी. पाठ आखडते, डोळे चुरचुरतात, लघवी तुंबवून जळजळ होते, हे कारण पुरेसे नाही काय? बाईच्या शरीराला मालकाच्या फायद्याची शिफारसपत्रे का जोडावी लागतात? उद्या न उठणारी बाई जास्त नोंदी करते असे हिशेबात निघाले, की ते चित्र भिंतीवरून उतरेल.

शिवाय सल्ला बाईला दिला की जबाबदारीही तिचीच होते. दुखले तर तीच उठली नाही! युरोपीय समुदायाने १९९० साली पडद्यासमोरच्या कामाबद्दल जो निर्देश काढला, त्यात मात्र कामात अधूनमधून खंड पडेल अशी आखणी करणे हे मालकाचे कर्तव्य ठरवले. आपल्या महाराष्ट्रातल्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात सलग पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती लिहिली गेली. त्या पाच तासांच्या आत उठायचे की नाही, यावर अक्षर नाही. वर सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने रोजचे नऊ तास दहा करायला मंजुरी दिली.

कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांचे दुखणे उलटे होते. त्यांना दिवसभर बसूच देत नसत. त्या रस्त्यावर आल्या, झगडल्या, आणि केरळने २०१८ मध्ये बसण्याचा हक्क कायद्यात घातला. तमिळनाडूने २०२१ मध्ये. त्यांना बसायला मनाई, आपल्या बायकांना उठायला. दोन्हीकडे प्रश्न एकच : तिच्या कंबरेचा आणि पायांचा मालक कोण?

एका व्यवस्थापकाने मला हसत ऐकवले, "मॅडम, घरी गेल्यावर त्यांचा व्यायाम होतोच की." होतो ना! २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८. ओट्यापाशी उभे राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. आणि घरून काम करणारीने मध्ये उठायचे ते कुकर लावायला.

मुंबईत २०११ पासून 'राइट टू पी' मोहिमेने बायकांच्या मुताऱ्यांचा प्रश्न लाज सोडून चव्हाट्यावर आणला. तसेच हेही मागावे लागेल. दर तासाला पाच मिनिटे, पगारी, न विचारता. उठल्याची नोंद ठेवायची नाही. संडास त्याच मजल्यावर, कडी लागणारा. संघटनांनी मागणीपत्रात हे पगारवाढीच्या खाली 'इतर'मध्ये ढकलू नये.

आणि आपली कार्यालये? अहवालाची मुदत आली की आमची टाइप करणारी कार्यकर्ती रात्री नऊपर्यंत हलत नाही, आणि आम्ही तिचे कौतुक करतो. मागच्या महिन्यात तिने मान धरल्यावर सुटी मागितली. अर्जात कारण लिहिले होते : घरगुती.