बोंडअळीचे चक्र तोडायचे तर फरदड टाळा

२०१७मध्ये मराठवाडा-विदर्भातील कपाशी गुलाबी बोंडअळीने पोखरली. बीटी वाणांना ती आता दाद देत नाही. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातील कापूस उत्पादकांना तिचे जीवनचक्रच तोडावे लागेल.

करड्या-तपकिरी रंगाचा हा लहान पतंग रात्री फिरतो. मादी पाते, फुले, बोंडांवर अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत निघालेली अळी फुलात, पुढे बोंडात शिरते. छिद्र बुजले की फवारणी पोहोचत नाही. न उमललेली ‘डोमकळी’ ही ओळखीची खूण. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ-दहा पतंग आढळल्यास उपाय करावा.

अळी सरकीतही दडून राहते. डिसेंबरनंतर फरदड ठेवणे म्हणजे पुढच्या हंगामासाठी कीड पोसणे. पतंग बांध ओळखत नाही; पऱ्हाटी साऱ्या गावाने काढायला हवी.