सांगितलेला भाव आणि पटलेला सौदा

चित्रकथांची मूळ हस्तचित्रे जमविण्याचा छंद आता आमच्या कडोलीच्या तरुणांनाही लागला आहे. ‘अमर चित्रकथे’तील राम वाईरकरांचे एखादे पान कोणी विकावयास काढले, की मागितलेली रक्कम हाच भाव, असे ते धरून चालतात. आम्हांस हे मान्य नाही. तांदळाचा भाव आपण दलालाच्या तोंडावरून नव्हे, पट्टीवरून जाणतो. २०२१ साली पॅरिसला एर्जे यांच्या टिनटिन-चित्राची बोली २६ लाख युरोंवर थांबली. वृत्तपत्रांत मात्र लिलावगृहाच्या अडतीसह सुमारे ३२ लाख छापून आले! तेव्हा मागणी, बोली, अडत, आणि विशेषतः न विकता परतलेले पान, सारे तारीखवार वहीत टिपावे. दुकानाचे भांडवल गुंतविण्यापूर्वी निदान वर्षभराची अशी वही मुलांनी वडीलधाऱ्यांपुढे ठेवावी.