बुडालेल्या बेटाचा पूर्वज

प्रचंड लाट झाडांवर, हिरव्या शेतांवर चालून येते, हे स्वप्न जे. आर. आर. टॉल्किन यांना वर्षानुवर्षे पडत असे. त्यातूनच न्यूमेनॉर उभे राहिले. अमरत्वाच्या हव्यासापायी समुद्रात बुडालेले माणसांचे बेट. टॉल्किन यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९७७ साली, ‘द सिल्मरिलियन’मध्ये त्याची कथा सविस्तर छापली गेली.

या बेटाचा पूर्वज म्हणजे अटलांटिस. प्लेटोने ‘टिमेअस’ आणि ‘क्रिटियस’ या संवादांत ते रचले. रचले असेच म्हणायला हवे, कारण त्याच्याआधी बुडालेल्या अटलांटिसची कथा कुठेच सापडत नाही. मात्र इ. स. पू. ३७३ मध्ये हेलिके हे ग्रीक शहर भूकंपानंतर समुद्राने गिळले, तेव्हा प्लेटो पन्नाशी ओलांडलेला होता. ती बातमी त्याच्या कानी गेली असणारच.

तरीही १८८२ साली इग्नेशियस डॉनली यांनी अटलांटिसला खरा इतिहास ठरवणारे पुस्तक लिहिले आणि त्यानंतर बेट शोधणाऱ्यांची रीघ लागली. मला हा प्लेटोवर अन्याय वाटतो. त्याला सांगायचे होते ते माजलेल्या सत्तेविषयी. कालवे, खजिने, आरमार असूनही आक्रमक अटलांटिस छोट्या अथेन्सकडून हरते. टॉल्किन यांनी हा गाभा नेमका पकडला. त्यांचा शेवटचा राजाही आरमार घेऊन थेट देवभूमीवर चालून जातो.

‘क्रिटियस’ अपूर्णच आहे. झ्यूस देवांची सभा बोलावतो आणि वाक्य अर्ध्यावर तुटते. तो छोटा संवाद जरूर वाचा.