पावले मोजणारे घड्याळ आणि आरोग्याचा हिशेब

आरोग्य ही ज्याची त्याची जबाबदारी आहे, हा विचार अलीकडे इतक्या सहजतेने बोलून दाखविला जातो की, तो तपासून पाहण्याची गरजच कोणास भासत नाही. कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत किंवा रेल्वेच्या डब्यात कोणास मधुमेह जडल्याची वार्ता आली की, 'फिरायला जात नसतील' हा अभिप्राय ठरलेला. विचारपूस बाजूला राहते आणि रोग्याची झडती सुरू होते. मनगटावरचे घड्याळ पावले, नाडीचे ठोके आणि झोपेचे तास मोजू लागल्यापासून तर या झडतीस आकड्यांचा पुरावाही मिळू लागला आहे. दिवसाची दहा हजार पावले भरली तो जबाबदार, न भरली तो बेफिकीर, अशी सुटसुटीत विभागणी सुशिक्षित मध्यमवर्गाने मनोमन स्वीकारली आहे.

या विचारात तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. तंबाखू कोणी तोंडात कोंबत नाही आणि रात्री एक वाजेपर्यंत मोबाइल कोणी हातात बांधून ठेवत नाही. तथापि, अर्धे सत्य हे सोयीचे असते, आणि या अर्ध्या सत्याची सोय नेमकी कोणास होते, हे पाहणे अर्थशास्त्राचे काम आहे.

एका तालुक्याची दोन टोके

पुण्याच्या पश्चिमेस असलेल्या मुळशी तालुक्यात हा प्रश्न शेजारीशेजारी उभा असलेला दिसतो. माहिती तंत्रज्ञानाच्या कंपन्यांमुळे ज्याचे नाव जगभर गेले ते हिंजवडी याच तालुक्यात आहे. आणि डोंगराच्या कुशीत भातखाचरे राखून असलेले रिहे हे गावही याच तालुक्यातले. हिंजवडीच्या कचेरीत आठ-नऊ तास खुर्चीवर बसणारा तरुण संध्याकाळी घड्याळाकडे पाहून उरलेली पावले पुरी करण्यासाठी पट्ट्यावर धावतो. रिह्यासारख्या गावात आषाढात कमरेत वाकून चिखलात रोप लावणारी बाई किती पावले चालली, याची नोंद कोणतेही यंत्र ठेवीत नाही. एकाचे श्रम आरोग्य म्हणून मोजले जातात, दुसरीचे केवळ मजुरी म्हणून. आणि घरातले पाणी, सरपण, गोठा यांचे श्रम तर मजुरीतही मोडत नाहीत.

यंत्राचा लाभ कोणाच्या पदरी आणि त्याचा भार कोणाच्या माथी, हा प्रश्न मुळशीला नवा नाही. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली या खोऱ्यातील शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला तो याच प्रश्नावर. येथल्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि त्या पाण्यावर निर्माण झालेली वीज मुंबईला गेली. विजेचा द्वेष करावा असा याचा अर्थ नव्हे. तंत्रज्ञानाचे मोल ठरविताना जमेची आणि खर्चाची बाजू एकाच वहीत मांडावी, एवढाच याचा बोध आहे.

दहा हजारांचा आकडा

ज्या दहा हजार पावलांच्या कसोटीवर माणसे एकमेकांस जोखतात, तिचा उगमही जाणून घेण्यासारखा आहे. १९६४ साली टोकियोत ऑलिंपिक सामने झाले. त्यानंतर लगेच, १९६५ साली, एका जपानी कंपनीने कमरेला लावावयाचे पावले मोजण्याचे यंत्र बाजारात आणले. त्याच्या जपानी नावाचा अर्थच मुळी 'दहा हजार पावले मोजणारे यंत्र' असा होता. आकडा गोल होता, लक्षात राहणारा होता आणि विक्रीस सोयीचा होता. वैद्यकीय संशोधन मागाहून आले. २०१९ साली अमेरिकेतील सोळा हजारांहून अधिक वयस्कर स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे चार हजार चारशे पावले चालणाऱ्या स्त्रियांतही मृत्यूचे प्रमाण कमी आढळते आणि साडेसात हजारांच्या आसपास हा लाभ स्थिरावतो, असे त्यात दिसून आले. चालणे हितकारक आहे, याविषयी वाद नाही. परंतु बाजाराने दिलेला आकडा नीतिमत्तेचे माप होऊन बसतो तेव्हा सावध झालेले बरे.

कारण हे माप आता व्यवहारातही उतरत आहे. २०२० साली विमा नियामक प्राधिकरणाने मार्गदर्शक तत्त्वे काढून, आरोग्याची काळजी घेणाऱ्या विमेदारांस सवलती व बक्षिसे देण्याची पद्धत सुव्यवस्थित केली. उत्तेजन म्हणून ते ठीकच आहे. परंतु विम्याचे मूलतत्त्व काय? कोणावर केव्हा संकट येईल हे ठाऊक नसते, म्हणून सर्वांनी थोडे थोडे द्यावे आणि ज्याच्यावर संकट आले त्याला त्यातून सावरावे. पट्ट्यावर धावण्यास ज्याच्यापाशी वेळ, पैसा आणि जागा आहे त्याचा हप्ता कमी होत गेला, आणि पाठीचा कणा मोडेपर्यंत राबणाऱ्याचा हप्ता तेवढाच राहिला किंवा त्याला विमाच परवडेनासा झाला, तर सहकाराच्या या कल्पनेचा पाया ढासळतो. धडधाकट माणसांनी परस्परांस दिलेली सवलत एवढेच मग तिचे स्वरूप उरेल.

जबाबदारी कोठून मोजावयाची?

व्यक्तीच्या जबाबदारीचा सिद्धान्त सर्वांत अडचणीत येतो तो पुणे जिल्ह्यातच झालेल्या संशोधनापुढे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती मातांच्या पोषणाचा अभ्यास हाती घेतला. त्या मातांचे गर्भारपणापूर्वीचे सरासरी वजन अवघे ४२ किलोंच्या आसपास होते आणि त्यांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो भरले. इंग्लंडमधील बाळांशी तुलना करता ही बाळे हडकुळी होती. परंतु त्यांच्या अंगातील चरबी मात्र वजनाच्या मानाने टिकून होती. वरून सडपातळ आणि आतून स्थूल अशी ही ठेवण पुढील आयुष्यात मधुमेहाकडे झुकते, असे या संशोधकांचे प्रतिपादन आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात डॉ. याज्ञिक व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध झाले. दोघांच्या उंची-वजनाचे गुणोत्तर एकच, २२.३, पण युडकिन यांच्या अंगी चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के. दोघांच्या वागण्याच्या झडतीतून हा फरक उलगडत नाही.

त्याच खेड्यांतील अभ्यासात आणखी दोन गोष्टी पुढे आल्या. ज्या माता पालेभाज्या आणि फळे वरचेवर खात, त्यांची बाळे जन्मतः अधिक भरलेली होती. आणि ज्यांच्यावर शेतीच्या व घरकामाच्या श्रमांचा बोजा अधिक, त्यांची बाळे लहान होती. चाळिशीत मधुमेह जडलेल्या माणसाच्या रोगाचा काही अंश त्याच्या आईच्या ताटात आणि तिच्या डोक्यावरच्या हंड्यात दडलेला असेल, तर त्याची जबाबदारी कोणत्या घड्याळात मोजावयाची? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ टक्के होते. निम्म्याहून अधिक स्त्रिया एकाच वेळी बेजबाबदार झाल्या, असे स्पष्टीकरण कोणताही विचारी माणूस देणार नाही.

यावरून तंत्रज्ञानाविषयीही वेगळी दृष्टी लाभते. खेड्यातील स्त्रीच्या दृष्टीने आरोग्याचे सर्वांत मोठे यंत्र म्हणजे दारात आलेला पाण्याचा नळ, धूर न करणारी शेगडी आणि घराजवळचा स्वच्छ संडास. ही यंत्रे चमकत नाहीत, त्यांची जाहिरात होत नाही. पण त्यांनी वाचविलेला एक हंडा आणि एक तास पुढच्या पिढीच्या वजनात दिसू शकतो.

किमतीची भाषा

माणूस काय खातो हे त्याच्या विवेकावर जितके अवलंबून असते, तितकेच ते त्याच्या खिशावर आणि दुकानातल्या फळीवर अवलंबून असते. आडगावच्या टपरीवरही पाच रुपयांची खारट-तळकट पुडी बारमाही मिळते. ताजे फळ आठवड्याच्या बाजाराची वाट पाहते. अशा वेळी शासनाची करनीती कोणत्या बाजूस कौल देते, हे महत्त्वाचे ठरते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे जे नवे दर लागू झाले, त्यांत साखरयुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर आहे, आणि व्यक्तिगत आरोग्यविम्यावरील कर माफ झाला आहे. हे दोन्ही निर्णय आरोग्यास अनुकूल म्हणावयाचे. परंतु त्याच यादीत फरसाण, बिस्किटे, चॉकलेट आणि झटपट शेवया यांवरील कर ५ टक्क्यांवर आला. म्हणजे एका हाताने गोड पेय महाग करावयाचे आणि दुसऱ्या हाताने मीठ, मैदा नि साखर स्वस्त करावयाची! दिवसाकाठी पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तो सल्ला नागरिकाने पाळावयाचा, आणि किमतीने मात्र त्याला विरुद्ध दिशेस ओढावयाचे, ही जबाबदारीची वाटणी न्याय्य नाही.

माहितीचेही तसेच. चिली देशाने २०१६ पासून अतिरिक्त साखर, मीठ वा चरबी असलेल्या खाद्याच्या वेष्टनावर काळे अष्टकोनी इशारे छापणे सक्तीचे केले. निरक्षर माणसासही ते कळतात. भारतात २०२२ साली पुढे आलेल्या मसुद्यात मात्र हॉटेलांस द्यावेत तसे पदार्थांना तारे देण्याची कल्पना होती. तारा हा इशारा नसून प्रशस्ती वाटते, हा त्यावरील आक्षेप रास्त आहे. निवड नागरिकाची असेल, तर निवडीपूर्वीची माहिती त्याच्या भाषेत आणि त्याच्या डोळ्यांना दिसेल अशा आकारात देणे हे उत्पादकाचे आणि शासनाचे कर्तव्य ठरते.

टाळी दोन्ही हातांची

याचा अर्थ नागरिकाने हात झटकून मोकळे व्हावे असा मुळीच नाही. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली. त्यानंतरही ठिकठिकाणी चोरटा साठा पकडला जातो, याचा अर्थ मागणी जिवंत आहे. घरात मिश्रीची डबी फिरत असेल, पोरांच्या देखत बाप तपकिरीची चिमूट ओढत असेल, तर कायद्याचे हात तेथे पोहोचत नाहीत. शिरस्त्राण घराच्या खुंटीला टांगून दुचाकी दामटणाऱ्यास कोणत्याही रुग्णालयाची तत्परता वाचवू शकेलच असे नाही. दुखणे अंगावर काढणे, डॉक्टरांनी दिलेली रक्तदाबाची गोळी बरे वाटू लागताच सोडून देणे, या सवयींचे समर्थन गरिबीच्या नावाखाली करता येत नाही.

मात्र गोळी सोडू नये असे सांगणाऱ्याने ती गोळी मिळते कोठे, हेही पाहावयास हवे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे, आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत, आणि सुमारे साडेएकतीस कोटींस उच्च रक्तदाब आहे. हे दोन्ही रोग आयुष्यभर औषध मागणारे. इकडे, राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ साली देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के खर्च लोकांनी थेट खिशातून केला. २०१३-१४ साली हे प्रमाण ६४.२ टक्के होते. सुधारणा झाली हे मान्य केलेच पाहिजे. पण त्याच वर्षी शासनाचा आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.८४ टक्के होता, आणि २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचे वचन २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने दिले होते. नागरिकाच्या चुकलेल्या पावलांचा हिशेब मागणाऱ्या समाजाने शासनाच्या या मागे पडलेल्या पावलांचाही हिशेब मागावयास नको काय?

तेव्हा करावयाच्या गोष्टी अवघड नाहीत. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहेच; उपकेंद्रात ठरल्या वारी ती तपासणी होते की नाही आणि पुढच्या महिन्याची औषधे शिल्लक आहेत की नाहीत, हे ग्रामसभेने विचारावे. पुण्याकडे धावणाऱ्या वाहनांसाठी रस्ते रुंद होत असताना कडेने पायी जाणाऱ्या शाळकरी मुलासाठी आणि म्हाताऱ्यासाठी वाट राखली जाते की नाही, याचा जाब लोकप्रतिनिधींस विचारावा. वाढत्या बांधकामाच्या रेट्यात शाळेचे मैदान आणि गावाचे मोकळे आवार विकले जाऊ नये. महाविद्यालयांनी आपल्या विद्यार्थ्यांस पदार्थाच्या वेष्टनावरचा बारीक मजकूर वाचावयास शिकवावे. ती आजच्या काळातील साक्षरताच आहे. आणि गर्भवती स्त्रीच्या डोक्यावरचा हंडा उतरविण्यास घरातील पुरुषाला कोणत्याही योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

व्यक्तीची जबाबदारी आणि समाजाची जबाबदारी या एकाच खात्याच्या दोन बाजू आहेत. एक वाढली म्हणजे दुसरी कमी झाली असे होत नाही. निवड करण्याची खरी संधी ज्याला मिळाली, त्याच्याकडूनच त्या निवडीचा जाब घेता येतो. ती संधी हिंजवडीच्या कचेरीत जेवढी आहे तेवढी रिह्याच्या भातखाचरात उपलब्ध होईपर्यंत, आजारी माणसाला 'तुमचेच चुकले' असे सुनावण्याचा अधिकार कोणी स्वतःकडे घेऊ नये.