गुण चालकाला द्या, पण दोष रस्त्याचाही नोंदवा

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

विषय: गाडी चालवण्याच्या पद्धतीवर ठरणारी विमा सवलत

महोदय,

जुलै २०२२ मध्ये आपल्या प्राधिकरणाने वाहन विम्यात नव्या पूरक योजनांना परवानगी दिली. त्यातल्या एकीत गाडी जितकी चालेल तितका हप्ता, तर दुसरीत गाडी जशी चालवाल तसा हप्ता. हे पत्र दुसरीबद्दल आहे. जपून चालवणाऱ्याने बेफाम चालवणाऱ्याइतकाच हप्ता का भरावा, हा प्रश्न रास्त आहे. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. चालकाला शिस्त लावणारा कोणताही उपाय मला हवाच आहे, म्हणून या योजनेला माझा विरोध नाही. ती आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या चालकालाही न्याय देणारी व्हावी, एवढ्यासाठी लिहितो आहे.

या योजनेत स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसवलेलं छोटं यंत्र किंवा खिशातला मोबाइल वेग, वळण, ब्रेक आणि वेळ टिपतो. त्यावरून चालकाला गुण मिळतात. अचानक ब्रेक लागला की गुण कमी होतात. काही पद्धतींत मध्यरात्रीनंतरचा प्रवासही जोखमीचा धरला जातो. गुळगुळीत, आखीव रस्त्यावर हे ठीक आहे. आता हेच यंत्र घेऊन नगर-मनमाड रस्त्याने राहुरीकडून कोल्हारकडे या. गाळप हंगामात अंधार पडल्यावर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेला असतो. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात तो शेवटच्या क्षणी दिसतो आणि चालक करकचून ब्रेक दाबतो. तिथे ब्रेक दाबणारा चालक सावध असतो, म्हणून तो घरी पोहोचतो. यंत्राच्या वहीत मात्र तो बेदरकार ठरतो.

मध्यरात्रीनंतरच्या प्रवासाचंही तसंच. शिर्डीच्या काकड आरतीसाठी भाविक मध्यरात्री निघतात. अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या गावातून रुग्णाला संगमनेरला न्यायचं तर कुणी उजाडायची वाट पाहत नाही. हा प्रवास हौसेचा नाही. त्याची किंमत चालकाच्या गुणांतून वसूल होऊ नये.

पण माझं खरं मागणं याच्या पुढचं आहे. एकट्या गाडीने ब्रेक मारला तर चालकाकडे बोट दाखवता येईल. शंभर गाड्या रोज त्याच वळणावर, त्याच फाट्यावर ब्रेक मारत असतील, तर दोष त्या जागेचा आहे. ही माहिती विमा कंपन्यांकडे आपोआप जमा होते आणि ती सोन्यासारखी आहे. राष्ट्रीय महामार्गावर अपघातप्रवण स्थळ, म्हणजे ब्लॅक स्पॉट, ठरवायचा सरकारी निकष काय आहे? सुमारे ५०० मीटरच्या टप्प्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू. म्हणजे माणसं मेल्यावाचून, जखमी झाल्यावाचून ती जागा धोकादायक ठरत नाही. ब्रेकच्या नोंदी तोच इशारा रक्त सांडण्याआधी देऊ शकतात. इमामपूर घाट, चंदनापुरी घाट, करंजी घाट इथे रोज गाडी घालणाऱ्यांना धोक्याच्या जागा तोंडपाठ आहेत. रस्त्याची जबाबदारी असणाऱ्यांपुढे तो धोका आकड्यांत मांडायची सोय आता झाली आहे.

म्हणून माझ्या चार मागण्या आहेत.

१. विमा कंपन्यांनी अचानक ब्रेक लागणाऱ्या जागांची माहिती चालक आणि गाडी यांची ओळख काढून टाकून दर तिमाहीला जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे द्यावी. अशा जागांवरच्या ब्रेकसाठी चालकाचे गुण कापू नयेत.

२. गुण कशाचे, किती आणि का कापले हे चालकाला मराठीत कळावं आणि हरकत घेता यावी. मोबाइलला गाडी कोण चालवतंय हे नेमकं कळत नाही. शेजारी बसलेल्याच्या खात्यावर दुसऱ्याची चूक पडू नये. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मराठी त्या अनुसूचीत आहे.

३. या नोंदींचा उपयोग फक्त सवलतीसाठी व्हावा. त्यांवरून हप्ता वाढवू नये, दावा नाकारू नये, माहिती तिसऱ्याला विकू नये. ही भीती हवेतली नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने ग्राहकांच्या गाडी चालवण्याच्या नोंदी पुरेशा संमतीविना माहितीच्या व्यापाऱ्यांना दिल्या आणि त्या विमा कंपन्यांपर्यंत पोहोचल्या, असा ठपका ठेवून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये कारवाई केली. आपल्याकडे आधी नुकसान आणि मग नियम, असं होऊ नये.

४. विक्रीच्या वेळीच ग्राहकाला स्पष्ट सांगावं की ही सवलत गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागापुरती आहे. सक्तीच्या तृतीय पक्ष विम्याचा दर सरकार ठरवतं; त्यात या गुणांनी एक रुपयाही कमी होत नाही.

आमच्या रस्त्यांवर ही यंत्रं पारखायची कशी, असा प्रश्न पडण्याचं कारण नाही. वाहनांच्या चाचणीसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम १२६ मध्ये नाव असलेली व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची संस्था अहिल्यानगरमध्येच आहे. तिथे चाचणीचे मार्ग आहेत, तज्ज्ञ आहेत, आणि फाटकाबाहेर पडलं की खरा रस्ता आहे. गुण देण्याची पद्धत लागू करण्याआधी ती एका गाळप हंगामात या जिल्ह्यात तपासून पाहायला सांगा.

चालकाने आपला प्रत्येक ब्रेक तपासणीला खुला करायचा असेल, तर त्या तपासणीतून त्याच्या रस्त्याची दुरुस्ती व्हायला हवी. केवळ हप्त्यातले काही रुपये वाचणं हा त्याचा पुरेसा मोबदला नाही. या मागण्यांचा नियम आपण आजच करू शकता.

आपला,
अहिल्यानगर जिल्ह्यातील एक वाहनधारक